दुकान धुळ्याला, दाद जळगावला

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. या म्हणीत शहाणपण किती आणि हतबलता किती, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. दूरगावच्या शोरूममधून नवीकोरी मोटारसायकल घेऊन पस्तावलेल्या माणसाला मात्र तो मांडावाच लागतो; कारण त्याच्या बाबतीत कोर्टाच्या पायरीआधी एसटीची पायरी चढावी लागते, तीही पुन:पुन्हा.

समजा, रावेर तालुक्यातील एका तरुणाने दसऱ्याच्या मुहूर्तावर मोटारसायकल घ्यायचे ठरवले. त्याला हवी असलेली गाडी जळगावात महिनाभराच्या प्रतीक्षेवर होती. धुळ्यात ती लगेच मिळत होती, शिवाय दोन हजार रुपयांनी स्वस्त. निम्मी रक्कम रोख आणि निम्मी कर्जाऊ काढून त्याने गाडी घरी आणली. तीन आठवड्यांत इंजिनातून आवाज येऊ लागला, तेल झिरपू लागले. आरसी बुकाचा पत्ता नाही. दूरध्वनी केला की ‘गाडी घेऊन या, बघू’ एवढेच उत्तर. रावेर ते धुळे हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. एका फेरीत दिवस जातो, रोज बुडतो, पेट्रोल जळते आणि कर्जाचा हप्ता मात्र तारखेला चुकत नाही. हे उदाहरण कल्पित असले, तरी ग्राहक चळवळीत काम करणाऱ्या कोणालाही ते अनोळखी वाटणार नाही.

वाचवलेले दोन हजार रुपये दोन-तीन फेऱ्यांतच संपतात. तिसऱ्या फेरीनंतर ग्राहक दमतो आणि गावातल्याच फिटरकडे पदरमोड करून गाडी दुरुस्त करून घेतो. विक्रेत्याला यासाठी काहीच करावे लागत नाही. त्याच्या वतीने अंतरच काम करीत असते. ग्राहक व विक्रेता यांच्या शक्तीतील तफावतीबद्दल आपण नेहमी पैसा आणि वकील यांच्या भाषेत बोलतो. खान्देशासारख्या विस्तीर्ण प्रदेशात ती तफावत किलोमीटरमध्येही मोजावी लागते.

खान्देशचा नकाशाच मुळी या प्रश्नात भर घालणारा आहे. १९०६ साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव, तर पश्चिम खान्देश म्हणजे धुळे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. बाजारपेठेने मात्र या प्रशासकीय रेषा कधीच मानल्या नाहीत. अमळनेर आणि पारोळा हे तालुके जळगाव जिल्ह्यातले. पण तेथील माणसाला धुळे जळगावपेक्षा जवळ. चाळीसगावचेही तसेच, तेथून थेट धुळ्याला रेल्वेची शाखाच जाते. जळगाव आणि धुळे ही शहरे महामार्गाने सुमारे ९० किलोमीटर अंतरावर, म्हणजे सकाळी निघून सायंकाळी परत येण्याजोगी. त्यामुळे एमएच १९ क्रमांकाच्या जळगावच्या रस्त्यांवर धुळ्याहून घेतलेली गाडी असणे आणि एमएच १८ च्या धुळ्यात जळगावहून घेतलेली, यात नवल काहीच नाही. अखाजी, दसरा, दिवाळीचा पाडवा हे मुहूर्त साधायचे, तर जिथे गाडी मिळेल तिथे माणूस जातो. सवलतीच्या वेळी तर ही धाव आणखी वाढते. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१७ पासून ‘बीएस-३’ गाड्यांच्या विक्रीस मनाई केली, तेव्हा मार्चच्या अखेरच्या दोन दिवसांत शोरूमसमोर लागलेल्या रांगा अनेकांना आठवत असतील. अशा घाईत शोरूम किती दूर आहे, याचा विचार कोणी केला असण्याची शक्यता कमीच.

प्रश्न उभा राहतो तो वाद झाल्यावर. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार कुठे करायची, हे मुख्यत: विक्रेत्याच्या ठिकाणावरून किंवा वादाचे कारण जिथे घडले त्यावरून ठरत असे. पैसे धुळ्यात दिले, गाडी धुळ्यात ताब्यात घेतली, विक्रेता धुळ्याचा; म्हणजे तक्रारही धुळ्याच्या मंचाकडे. गाडी बनवणाऱ्या कंपनीची शाखा ग्राहकाच्या जिल्ह्यात आहे, एवढ्या आधारावर तेथे दाद मागण्याची वाटही अरुंद झाली होती. सोनिक सर्जिकल विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स कंपनी या प्रकरणात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुसती शाखा असून भागत नाही. वादाचे कारणही त्या शाखेच्या ठिकाणी घडलेले असावे लागते. ते प्रकरण अंबाल्यातील गोदामाला लागलेल्या आगीचे होते आणि तक्रार चंडीगडला झाली होती. सोयीचे न्यायपीठ शोधण्याच्या प्रवृत्तीला आळा घालणे, हा न्यायालयाचा हेतू रास्तच होता. मात्र परगावी खरेदी करणाऱ्या सामान्य ग्राहकापुढे विक्रेत्याच्या गावी जाण्यावाचून पर्याय उरला नाही.

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे चित्र मुळापासून बदलले. या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे त्याला तक्रार दाखल करता येते. रावेरच्या तरुणाने धुळ्याला जाण्याची गरज उरली नाही. उलट, धुळ्याच्या विक्रेत्याला जळगावच्या आयोगापुढे उत्तर द्यावे लागेल. जुन्या तरतुदीही कायम आहेत. त्यामुळे अमळनेरच्या ग्राहकाला धुळेच सोयीचे वाटत असेल, तर तो मार्गही मोकळा आहे. निवड ग्राहकाची. आजवर अंतर विक्रेत्याच्या बाजूने उभे होते. कायद्याने ते उचलून दुसऱ्या पारड्यात टाकले, असे म्हणता येईल. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘सर्व वाद धुळे न्यायालयाच्या कक्षेत’ असे छापलेले असते. ते वाचून अनेक जण माघार घेतात. पण संसदेने दिलेला हक्क छापखान्यातल्या एका ओळीने हिरावून घेता येत नाही. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीचेही तेच. बिलात नमूद केलेल्या मुदतीत आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत सदोष माल परत घेण्यास नकार देणे, ही नव्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

खर्चाचा बाऊही आता करण्याजोगा नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क नाही, आणि बहुतेक मोटारसायकली या मर्यादेच्या आतच येतात. तक्रार ऑनलाइन दाखल करण्याची सोय २०२० पासून सुरू झाली आणि १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी ‘ई-जागृति’ हे नवे संकेतस्थळ आहे. दूरदृश्य पद्धतीने सुनावणीची विनंतीही करता येते. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. गाडी दूध घालायला किंवा भाजी विकायला वापरतो, म्हणून आपण ग्राहक नाही, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. स्वत:च्या चरितार्थासाठी स्वत: वापरलेली वस्तू कायद्याने ‘व्यापारी हेतू’च्या व्याख्येतून वगळली आहे.

असे असले तरी, आयोगाचे दार जवळ आल्याने दावा आपोआप जिंकला जात नाही. येथे ग्राहकांची सर्वांत मोठी चूक होते ती ‘कोणाविरुद्ध आणि कशाबद्दल’ या प्रश्नावर. नव्या मोटारसायकलीच्या तक्रारी स्थूलमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिली उत्पादनातील दोषाची. ती कंपनीकडे जाते. दुसरी सेवेतील त्रुटीची, म्हणजे नीट तपासणी न करता गाडी देणे, हमीच्या काळात दुरुस्तीला टाळाटाळ करणे. ती मुख्यत: विक्रेत्याकडे जाते. तिसरी पैसा आणि कागदपत्रांची. या तिन्हींची सरमिसळ केलेली तक्रार कमकुवत ठरते.

गोव्यातील एक प्रकरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. एका ग्राहकाला २०११ मध्ये नवी म्हणून दिलेली मोटार प्रत्यक्षात २००९ ची निघाली आणि ती सहाशेहून अधिक किलोमीटर चाललेली होती. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तिन्ही स्तरांवर विक्रेत्याबरोबर टाटा मोटर्स कंपनीलाही जबाबदार धरले गेले. मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मुक्त केले. विक्रेत्याने जुनी गाडी नवी म्हणून खपवली, याची कंपनीला माहिती होती किंवा तिचा त्यात सहभाग होता, असे तक्रारीत मांडले व सिद्ध केले गेले नव्हते. कंपनी आणि विक्रेता यांचा परस्पर व्यवहार दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचा असल्याने एकाचे पाप आपोआप दुसऱ्याच्या माथी येत नाही, हा त्यातला मुद्दा. तात्पर्य, कंपनी व विक्रेता या दोघांनाही सामनेवाले करावे. पण प्रत्येकाने नेमके काय केले किंवा करायचे टाळले, ते स्वतंत्र परिच्छेदांत लिहावे.

मागणी काय करावी, यालाही मर्यादा आहेत. ‘गाडी बदलून द्या’ ही संतप्त ग्राहकाची पहिली मागणी असते. २००६ मध्ये मारुती उद्योगच्या एका प्रकरणात, हमीपत्रात सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची अट असताना संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्याआधी २००४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या प्रकरणात सदोष मोटार नवीकोरी म्हणून विकून वर जबाबदारी झटकणाऱ्या उत्पादकाला याच न्यायालयाने कठोर शब्दांत सुनावले होते. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले तर सूत्र हाती येते. वारंवार दुरुस्ती करूनही मूळ दोष जात नाही, हे सिद्ध झाले तर गाडी बदलून किंवा पैसे परत मिळू शकतात. एखादा भाग बिघडला म्हणून ते मिळत नाहीत. त्यामुळे दुरुस्ती, भाग बदलणे, आणि हे न झाल्यास रक्कम परत, अशी पर्यायी मागणी करणे शहाणपणाचे.

सिद्ध करण्याचा भार मात्र ग्राहकावर. त्यासाठी लागणारा पुरावा वकिलाच्या कार्यालयात नव्हे, शोरूमच्या काउंटरवर तयार होतो. प्रत्येक वेळी गाडी दुरुस्तीला दिली की जॉब कार्ड घ्यावे आणि आपली तक्रार त्यावर आपल्याच शब्दांत लिहून घ्यावी. ‘जनरल चेकअप’ असे लिहून बोळवण करणारे जॉब कार्ड पुढे विक्रेत्याचाच पुरावा ठरते. दुसरे असे, की हमी प्राय: कंपनीची असते आणि तिच्या अधिकृत जाळ्यातील कोणत्याही केंद्रात ती चालते. रावेरच्या तरुणाने दोषाची पहिली नोंद धुळ्याला न जाता भुसावळ किंवा जळगावच्या अधिकृत केंद्रात करवून घेतली, तर त्याची फेरी वाचते आणि त्रयस्थ कागदही हाती येतो. गावच्या फिटरकडून इंजिन उघडून घेण्याची चूक तेवढी करू नये. तसे केले की हमी आणि पुरावा दोन्ही गमावण्याचा धोका असतो. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग तज्ज्ञाचा अहवाल मागवू शकतो, आणि तसा अर्ज ग्राहकाने सुरुवातीलाच करावा. जळगावात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, धुळ्यात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तज्ज्ञ मिळत नाहीत, अशी येथील स्थिती नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत ग्राहकाची बाजू तुलनेने भक्कम असते, पण त्याला ते ठाऊक नसते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार राज्यातच नोंदवायच्या नव्या गाडीचा नोंदणी अर्ज विक्रेत्यानेच करायचा आहे आणि क्रमांक लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नाही. म्हणजे ‘पासिंग अडकले आहे’ ही सबब ग्राहकाला ऐकवण्याचा अधिकार विक्रेत्याला नाही. १ एप्रिल २०१९ पासून उत्पादित गाड्यांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टीही विक्रेत्यानेच बसवून द्यायची आहे. दुचाकीसोबत मानकांनुसारचे हेल्मेट देणे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी उत्पादकावर बंधनकारक केले आहे. प्रत्यक्षात त्याचे वेगळे पैसे लावले जाताना दिसतात. विमा शोरूममधूनच घ्यावा, असेही बंधन नाही. ‘हँडलिंग’ या नावाखाली बिलात येणारी रक्कम हा कोणताही सरकारी कर नव्हे. अशा प्रत्येक रकमेची पावती मागितली, की तिच्यातील निम्मा आग्रह तिथेच मावळतो.

या व्यवहारातील सर्वांत दुर्लक्षित दुवा म्हणजे उपविक्रेता. तालुक्याच्या गावी चौकात चार-पाच गाड्या मांडून बसलेले दुकान हे अधिकृत शोरूमच आहे, असे ग्राहक समजतो. बिल मात्र धुळ्याच्या वा नाशिकच्या मुख्य विक्रेत्याच्या नावाने येते आणि वाद झाला की चौकातला माणूस ‘मी फक्त गाडी आणून दिली’ म्हणून हात वर करतो. नोंदणी न झालेली गाडी व्यवसायासाठी बाळगायला परिवहन कार्यालयाचे व्यवसाय प्रमाणपत्र लागते. ते कोणाच्या नावे आहे, हे दर्शनी भागात लावण्याची सक्ती झाली आणि तिची तपासणी झाली, तर दूरच्या विक्रेत्याशी होणारे अनेक वाद जन्मालाच येणार नाहीत.

मधला विक्रेता काढून टाकला तर प्रश्न सुटेल, असेही नाही. विद्युत दुचाकींच्या क्षेत्रात ओला इलेक्ट्रिकने विक्रेत्यांचे जाळे टाळून थेट विक्रीचा मार्ग धरला. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात तिच्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे १०,६४४ तक्रारी आल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तिला कारणे दाखवा नोटीस बजावली. बहुतांश तक्रारींचे निराकरण केल्याचा दावा कंपनीने केला. तरीही, ज्याच्याशी समोरासमोर बोलता येईल असा माणूस जवळ नसणे ही दूरच्या विक्रेत्यापेक्षाही अवघड स्थिती असू शकते, एवढे त्यातून दिसले.

आता राहिला कायद्याच्या पोहोचीचा प्रश्न. तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. सामनेवाल्याला उत्तरासाठी ३० आणि फार तर आणखी १५ दिवस. त्यापुढे मुदतवाढ नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी ठरवून दिले. पण आयोगावर अध्यक्ष-सदस्यच नसतील तर ही वेळापत्रके कागदावरच राहतात. देशभरातील रिक्त पदांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये स्वत:हून घ्यावी लागली. नेमणुकांचे नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी अंशत: रद्द केले आणि ३ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला, निवडीसाठी लेखी परीक्षा आवश्यक ठरली. गुणवत्तेच्या दृष्टीने हे योग्यच झाले. परंतु नियमांच्या या घोळात वर्षे गेली आणि तेवढा काळ ग्राहक थांबला.

निकाल लागल्यावरही अपील असतेच. मात्र आता अपील करणाऱ्या सामनेवाल्याला आदेशातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. जुन्या कायद्यात जिल्हा मंचाच्या निकालाविरुद्ध ही रक्कम फार तर २५ हजार रुपये असे. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षे तुरुंगवास किंवा किमान २५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अंमलबजावणीचे दुखणे तरीही जुनेच. २००३ च्या एका सदोष दुरुस्तीमुळे केवळ अंतरिम आदेशांचीच सक्तीने अंमलबजावणी होऊ शकते, असा अर्थ वर्षानुवर्षे निघत राहिला. पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती चूक सुधारली. कायद्यातील एका शब्दाची दुरुस्ती व्हायला बावीस वर्षे लागली.

ग्राहकाने एकट्याने लढावे, अशी या कायद्याची कल्पना कधीच नव्हती. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदा अस्तित्वातही नव्हता. आज नोंदणीकृत ग्राहक संघटनेला ग्राहकाच्या वतीने तक्रार करता येते. १९१५ या क्रमांकावर हेल्पलाइन आहे. तिचा निर्णय बंधनकारक नसला, तरी कंपनीच्या मुख्यालयापर्यंत तक्रार पोहोचते आणि अनेकदा तेवढ्यानेच स्थानिक विक्रेत्याचा सूर बदलतो. मध्यस्थीचीही कायद्यात सोय आहे. नव्वद किलोमीटर दूरच्या दोन पक्षांना एका टेबलाशी, किंवा एका पडद्यावर, आणण्यासाठी ती अधिक वापरली गेली पाहिजे. संकेतस्थळ मात्र जिथे पोहोचत नाही, तिथे माणूस पोहोचावा लागतो. सातबारा काढून देणाऱ्या आपले सरकार सेवा केंद्रात ग्राहक तक्रार भरून देण्याची सोय झाली, तर रावेरच्या किंवा शिरपूरच्या माणसाला कायद्याने दिलेला हक्क खऱ्या अर्थाने गावात मिळेल.

वरच्या उदाहरणातील तरुणाची लढाई लाखभर रुपयांच्या गाडीची आहे. मोठ्या शहरात ही रक्कम किरकोळ वाटेल. त्याच्या घरात ती दोन हंगामांची शिल्लक असते, आणि गाडी बंद म्हणजे रोजगारही बंद. अंतर हा विक्रेत्याचा सर्वांत स्वस्त बचाव होता. कायद्याने तो काढून घेतला आहे. मात्र ही गोष्ट विक्रेत्याला जितकी ठाऊक आहे, तितकी ग्राहकाला नाही. पुढच्या दसऱ्याला धुळ्याहून गाडी आणणाऱ्याने बिल, जॉब कार्ड आणि हमीपत्र एका पाकिटात जपून ठेवावे. ते पाकीट जवळ असेल, तर कोर्टाची पायरी टाळण्याच्या त्या जुन्या सल्ल्याचा फेरविचार करायला त्याच्यापाशी पुरेसे कारण असेल.